देवाच्या कामाला ‘जमणार नाही’ म्हणता येतं का? मॉर्मन वॉर्डातल्या ‘कॉलिंग’विषयी

सॉल्ट लेक सिटीच्या दक्षिणेला सॉफ्टवेअर कंपन्या वाढत गेल्या, तशी तिकडे आपली काही मराठी घरंही वसली. तिथे घर घ्यायचं तर शेजारपाजार बराचसा मॉर्मन असणार, हे गृहीत धरूनच. माझ्या मॉर्मन शेजारणीला एका गुरुवारी मेसेज आला, ‘रविवारी सभेनंतर बिशपना पाच मिनिटं भेटू शकाल का?’ तिचा उतरलेला चेहरा बघून मी विचारलं, काही बिनसलं का? ‘नाही,’ ती म्हणाली, ‘काम येतंय.’

ही पाच मिनिटं म्हणजे काय, ते समजायला आधी थोडी पार्श्वभूमी हवी. ‘मॉर्मन’ हा शब्द आपल्या कानावरचा म्हणून मी वापरते आहे. पंथाचं अधिकृत नाव ‘द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ असं लांबलचक आहे. 2018 मध्ये तेव्हाचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी टोपणनाव सोडा आणि पूर्ण नाव वापरा असं आवर्जून सांगितलं होतं. जोसेफ स्मिथ यांनी 1830 मध्ये न्यूयॉर्क राज्यात हा पंथ स्थापन केला. आज मुख्यालय युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीत आहे, आणि चर्चच्या स्वतःच्या नोंदीप्रमाणे जगभरात 1 कोटी 70 लाखांच्या वर सभासद आहेत.

एवढ्या मोठ्या संस्थेत गावपातळीवर एकही पगारी धर्मगुरू नाही. स्थानिक मंडळीला ‘वॉर्ड’ म्हणतात. तुम्ही कुठल्या वॉर्डात जायचं ते तुमचा पत्ता ठरवतो. अमक्या बिशपचं प्रवचन आवडतं म्हणून पलीकडच्या वॉर्डात नाव घातलं, असं करायची सोय नाही. वॉर्डाचा प्रमुख बिशप. तो आठवडाभर दातांचा दवाखाना चालवत असेल, शाळेत गणित शिकवत असेल किंवा विमा विकत असेल. संध्याकाळी आणि रविवारी तो बिशप, साधारण पाचेक वर्षं, विनावेतन. त्याच्या हाताखालचं सगळंच विनावेतन. लहान मुलांना शिकवणारे, हिशेब आणि नोंदी ठेवणारे, ऑर्गन वाजवणारे, तरुणांना सहलीला नेणारे, ‘रिलीफ सोसायटी’ ही 1842 पासून चालत आलेली महिला संघटना सांभाळणाऱ्या, सगळे आपापल्या नोकऱ्या-घरं सांभाळून हे करतात. यातल्या प्रत्येक जबाबदारीला म्हणतात ‘कॉलिंग’. शब्दशः बोलावणं. कुणाचं बोलावणं, यावरच पुढचा सगळा पेच आहे.

आपल्या हाउसिंग सोसायटीच्या वार्षिक सभेत सेक्रेटरीपदाचा विषय निघाला की सगळे छताचा पंखा न्याहाळू लागतात आणि शेवटी जो गैरहजर असतो त्याच्या गळ्यात ते पद पडतं. वॉर्डात तसं होत नाही. तिथे निवडणूक नाही, अर्ज नाही, आणि एखादं पद स्वतःहून मागणं तर शिष्टाचाराला सोडूनच समजतात. बिशप आणि त्यांचे दोन सल्लागार रिकाम्या जागांची यादी घेऊन बसतात, नावांचा विचार करतात, प्रार्थना करतात, आणि ज्या नावावर मन स्थिर होतं त्या व्यक्तीला खासगीत बोलावून विचारतात. ती ‘हो’ म्हणाली की एका रविवारी मुख्य सभेत नाव वाचलं जातं : सिस्टर अमुक यांना अमुक जबाबदारी दिली आहे, ज्यांचा पाठिंबा असेल त्यांनी हात वर करावा. सगळे उजवे हात वर जातात. विरोध असणाऱ्यांनाही विचारतात, पण तो हात सहसा दिसत नाही. नंतर डोक्यावर हात ठेवून त्या कामासाठी आशीर्वाद दिला जातो. काम संपतं तेही असंच : सभेत सांगितलं जातं की ह्यांना मुक्त केलं आहे, आभार मानायला पुन्हा हात वर.

म्हणजे विचारणारा शेजारचा दंतवैद्य असतो, पण विचारणा आली ती देवाकडून, असं विचारणारा आणि ऐकणारा दोघेही मानतात. पंथाच्या तेरा श्रद्धाकलमांपैकी पाचवं सांगतं की धर्मकार्य करणाऱ्याला देवानेच बोलावलेलं असलं पाहिजे, आणि तेही अधिकार असलेल्यांच्या हातून. शिवाय जे सभासद मंदिरातले (हे रविवारच्या चर्चहून वेगळं, खास विधींसाठीचं) विधी करून आलेले असतात, त्यांनी आपला वेळ, आपले गुण आणि देवाने दिलेलं सगळं चर्चच्या उभारणीला वाहण्याची शपथ घेतलेली असते. अशा माणसाने ‘मंगळवारी संध्याकाळी मला नाही जमणार’ म्हणायचं, तर नकार दंतवैद्याला पोचतो की वरती, हे त्याचं त्यालाच कळत नाही.

त्यात भर म्हणून एक वाक्य पिढ्यान्पिढ्या ऐकवलं जातं. सभासदाने जिथे बोलावलं तिथे जावं; जागा मागूही नये, नाकारूही नये, अशा अर्थाचं. हे जे. रूबेन क्लार्क यांचं. पण ते कधी म्हणाले ते पाहण्यासारखं आहे. क्लार्क हे अमेरिकेचे मेक्सिकोतले माजी राजदूत, आणि पुढे चर्चच्या दोन अध्यक्षांचे पहिले सल्लागार. 1951 च्या एप्रिलमध्ये डेव्हिड ओ. मॅके अध्यक्ष झाले आणि त्यांनी क्लार्क यांना दुसऱ्या सल्लागाराची जागा दिली. एक पायरी खाली. सगळ्यांचे डोळे त्यांच्यावर असताना क्लार्क उठले आणि कुठे सेवा करतो हे महत्त्वाचं नाही, कशी करतो ते महत्त्वाचं, अशा आशयाचं बोलून हे वाक्य म्हणाले. मोठ्या माणसाने मान झुकवून आपलं एक पायरी खाली येणं गोड मानून घेतलं, असा तो प्रसंग. तीन लेकरं आणि रात्रपाळी सांभाळणाऱ्या बाईने आणखी एक जबाबदारी घ्यावी म्हणून तेच वाक्य पुढे करणं, हा माझ्या मते त्या वाक्यावरही अन्यायच आहे.

नाकारू नये ही रीत तशी क्लार्क यांच्याही आधीची, आणि तिचा एक धागा चक्क आपल्याकडे येतो. 1852 च्या ऑगस्टमध्ये सॉल्ट लेक सिटीत खास परिषद भरली आणि तिथे शंभरावर पुरुषांची नावं भर सभेत वाचली गेली : हा अमुक देशाला जाणार, तो तमुक. आधी घरी येऊन ‘जमेल का’ असं विचारायची पद्धत नव्हती. नऊ जणांच्या वाट्याला हिंदुस्थान आला. बायकामुलांना मागे ठेवून, खिशात जवळपास काही नसताना ते निघाले आणि 1853 च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याला उतरले. त्यांच्यातला रिचर्ड बॅलंटाइन मद्रासला गेला. सॉल्ट लेक सिटीत 1849 मध्ये पहिली रविवारची शाळा भरवणारा तो हाच. याच सुमारास ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश प्रचारक मुंबईत आला होता आणि पुण्यात त्याने एक लहानशी मंडळी जमवली होती. ती फार दिवस टिकली नाही. तेव्हा युटाचं वाळवंट नुकतंच वसत होतं, आणि गाव वसवा, कापूस पिकवा, परदेशी जा, हे सगळं ‘बोलावणं’ म्हणूनच यायचं. 1861 मध्ये तर सुमारे 300 कुटुंबांना दक्षिण युटात कापूस लावायला पाठवलं होतं. घरंदारं सोडून गेलेल्यांच्या आठवणी घराघरांत सांगितल्या जातात. न गेलेल्यांच्या आठवणी कुणी सांगत बसत नाही. तेही होतेच.

आज चित्र वेगळं आहे. कागदावर तर बरंच वेगळं. आधी खासगीत विचारायचं, होकार घ्यायचा, मगच जाहीर करायचं. चर्चची ‘जनरल हँडबुक’ नावाची नियमपुस्तिका पूर्वी पुढाऱ्यांपुरती होती, 2020 पासून ती कुणालाही इंटरनेटवर वाचता येते. जबाबदारी देताना काय बघायचं ते तिच्यात सरळ लिहिलेलं आहे : माणसाची तब्येत, त्याची नोकरी, संसारावर आणि घरच्यांवर होणारा परिणाम. त्यागाची अपेक्षा आहे, पण व्यक्तीवर किंवा कुटुंबावर नको तेवढा भार पडू नये, हेही आहे. साधारणपणे एका सभासदाकडे एकच कॉलिंग असावं. शिवाय काही ठरावीक घरांची विचारपूस करायचं ‘मिनिस्टरिंग’ असतं, ते वेगळं. विवाहित माणसाला जबाबदारी द्यायची तर जोडीदाराची साथ आहे ना, ते पाहायचं. अल्पवयीन मुलामुलींना विचारण्याआधी आईवडिलांना विचारायचं. ‘बुक ऑफ मॉर्मन’ या पंथाच्या धर्मग्रंथात बेंजामिन राजाच्या तोंडी एक वचन आहे, अंगात बळ आहे त्याहून वेगाने धावायची माणसाला गरज नाही. आपण म्हणतो अंथरूण पाहून पाय पसरावेत, त्याच्याच जवळचं. त्याच ग्रंथात नीफाय नावाच्या संदेष्ट्याचं ‘मी जाईन आणि करीन’ हेही आहे, आणि रविवारच्या शाळेत गाणं मात्र नीफायचंच होतं.

आणि नकार दिला तर शिक्षा? औपचारिक काहीच नाही. सभासदत्व जात नाही. मंदिरात प्रवेशासाठी जी मुलाखत होते तिचे प्रश्न चर्चने 2019 मध्ये जाहीर केले. ‘दिलेली जबाबदारी कधी नाकारली का’ असा प्रश्न त्यांत नाही. जे काही आहे ते भिडेचं. आपल्याकडची म्हण इथे अगदी चपखल बसते : भीड ही भिकेची बहीण.

श्रद्धाळू माणसाला इथे खरा प्रश्न पडतो. बिशपना प्रेरणा झाली असेल तर मी कोण नाही म्हणणार? याला मॉर्मन मंडळींतच मिळणारं एक उत्तर मला पटतं. बिशपकडे एक अर्धवट चित्र असतं. तुमच्या घरात काल काय झालं, कुठल्या गोळ्या सुरू झाल्या, नवऱ्याची नोकरी जायच्या बेतात आहे का, हे त्याला ठाऊक नसतं. काही वेळा त्याच्यासमोर नर्सरीत रडणारी दहा पोरं आणि हातात तीनच नावं असतात. तो मनापासून प्रार्थना करतो हे खरं, आणि तो अंदाजही बांधतो हेही खरं. प्रार्थना करायची मुभा एकट्या बिशपलाच आहे असं तर ह्या पंथात कुणीच म्हणत नाही. त्यामुळे तुमचं ‘सध्या नाही’ हे उत्तर म्हणजे त्या चित्रात राहून गेलेला तुकडा. काही बिशप ते तसंच घेतात. काही नाराज होतात. हे माणसावर आहे.

आता कामाचं. पाच मिनिटांच्या त्या भेटीत जागच्या जागी ‘हो’ म्हणायची सवय सगळ्यांना लागलेली असते, कारण समोरचा घड्याळ बघत असतो आणि दाराबाहेर पुढचा माणूस बसलेला असतो. पण बोलायची वेळ हीच. एकदा नाव सभेत वाचलं गेलं आणि सगळ्यांनी हात वर केले की मागे फिरणं दसपट अवघड होतं. म्हणून पहिलं वाक्य हो किंवा नाही यांपैकी नसलं तरी चालतं : ‘विचारलंत याबद्दल आभार. घरी बोलून, प्रार्थना करून बुधवारपर्यंत कळवलं तर चालेल ना?’ एवढ्यावर कुणी समंजस बिशप अडवत नाही.

मग विचारून घ्यायचं. आठवड्याला खरोखर किती तास जातात, रविवार सोडून कुठल्या संध्याकाळी, सोबत कोण आहे, आधीच्या व्यक्तीने का सोडलं, मी गावाला गेले तर बदली कोण शोधणार. शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण बदली शोधणं हेच पुष्कळ कॉलिंगमधलं निम्मं काम असतं. लहान मुलांच्या वर्गात तर किमान दोन जबाबदार मोठी माणसं असावीच लागतात, त्यामुळे एकाने दांडी मारली की दुसरा अडकतो. नर्सरीत दीड वर्षापासून तीन वर्षांपर्यंतची मुलं असतात. तिथे काम करणाऱ्याला मोठ्यांच्या वर्गात कधीच बसायला मिळत नाही. 2019 पासून रविवारची सभा तीन तासांवरून दोन तासांवर आली. त्यातला दुसरा तास वर्षानुवर्षं खेळण्यांत गेला तर गप्पांची, मैत्रीची, स्वतःच्या श्रद्धेची भूक भागणार कुठे? हे बिशपला सांगितलेलं चालतं.

‘हो’ आणि ‘नाही’ यांच्यामध्ये केवढी तरी जागा आहे, आणि लोक तिच्यात पाय ठेवतच नाहीत. शिकवणं एकटीला नाही जमणार, पण दोघी आळीपाळीने करू. जूनपर्यंत करते, मग बाळंतपण आहे. वर्ग नको, पण हिशेबाचं काम घरून रात्री होत असेल तर द्या. मुलांसोबतचं काम मला नको, कारण विचारू नका. हे शेवटचं वाक्यही पुरेसं आहे. लहानपणच्या जखमा, नैराश्य, घटस्फोटाची केस यांतलं काय सांगायचं आणि किती, ते तुमच्या हातात. दिलेलं कारण जितकं तपशीलवार तितका नकार पक्का, असं आपल्याला वाटतं. घडतं उलटंच. कारणांची यादी दिली की समोरचा एकेका कारणावर तोडगा काढू लागतो. ‘गाडी नाही? आम्ही सोडू.’ ‘मुलं लहान आहेत? घेऊन या.’ दोन वाक्यांत सांगून थांबणाऱ्याला कमी त्रास होतो.

लहानसहान कामं, म्हणजे शनिवारी चर्चची इमारत झाडायची, प्रचारकांना एकदा जेवायला बोलवायचं, सभेत दहा मिनिटं बोलायचं, ही कॉलिंगमध्ये मोडत नाहीत. त्यांना नाही म्हणताना एवढा विचार करायचं कारण नाही.

पुष्कळदा नकार तोंडातून येतच नाही. माणूस कार्यालयात ‘हो’ म्हणतो, सभेत हात वर होतात, आशीर्वाद मिळतो, आणि तो येतच नाही. पहिल्या रविवारी ताप, दुसऱ्या रविवारी पाहुणे, तिसऱ्या रविवारी मेसेजला उत्तर नाही. जिथे ‘नाही’ म्हणायला लाज वाटते तिथे लोक ‘हो’ म्हणून गैरहजर राहतात, हे गणेश मंडळाच्या वर्गणी समितीत बसलेल्या कुणालाही सांगायला नको. यात सगळ्यांत जास्त पिचते ती वर्गातली दुसरी बाई, जिने खरंच ‘हो’ म्हटलेलं असतं. बिशपलाही उघड नकारापेक्षा हे भिजत घोंगडं जड जातं, कारण जागा भरलेली दिसते आणि काम होत नाही.

चालू असलेली जबाबदारी सोडायची असेल तर? बिशप वगळता बहुतेक कामांना ठरावीक मुदतच नसते. कुणी आठ महिन्यांत मुक्त होतं, कुणी ऑर्गनवर वीस वर्षं बसलेलं असतं. मुक्त करायचं काम ज्यांनी नेमलं त्यांचं, आणि ‘मला सोडा’ असं स्वतःहून म्हणू नये असा एक अलिखित संकेत आहे. पण परिस्थिती बदलली हे सांगायला कुणाची मनाई नाही. ‘मला मुक्त करा’ऐवजी ‘एप्रिलपासून वडिलांना डायलिसिसला न्यावं लागतंय, मेअखेरीनंतर रविवार मला देता येणार नाहीत’ असं सांगितलं की तारीखही येते आणि संकेतही मोडत नाही. कपाटाची किल्ली, मुलांची यादी आणि कुणाला शेंगदाण्याची अॅलर्जी आहे ते पुढच्या माणसाच्या हातात द्यावं.

भारतातल्या मंडळींना हे सगळं जरा वेगळ्या मापात लागू पडतं. तिथे चर्च तसं लहान आहे; अनेक वॉर्ड मिळून होणारा ‘स्टेक’ भारतात पहिल्यांदा 2012 मध्ये हैदराबादला झाला, आणि बंगळुरूच्या मंदिराची घोषणा 2018 ची. पुष्कळ ठिकाणी वॉर्डाइतकी माणसंच नसतात. त्या छोट्या मंडळीला ‘ब्रँच’ म्हणतात. तीस-चाळीस लोकांच्या ब्रँचमध्ये एकच माणूस शिकवतो, हिशेब ठेवतो आणि खुर्च्याही मांडतो. तिथे एकाने नाही म्हटलं तर दुसरं नाव असेलच असं नाही. त्यात नवा सभासद आला की त्याला लगेच काहीतरी काम मिळतं. गॉर्डन हिंकली अध्यक्ष असताना 1997 मध्ये म्हणाले होते की नव्याने आलेल्या प्रत्येकाला तीन गोष्टी हव्यात : एक मित्र, एक जबाबदारी आणि देवाच्या वचनाचं पोषण. हेतू चांगला, काम असलं की माणूस टिकतो. पण घरचे आधीच नाराज, नातेवाइकांत कुजबुज, आणि त्यात दर रविवारी सकाळी सगळ्यांच्या आधी पोचायचं, हा भार नवख्याला झेपेलच असं नाही. मित्र आधी आणि जबाबदारी सहा महिन्यांनी, असं मागायला हरकत काय?

माझ्या शेजारणीला नर्सरीच विचारली होती. ती रुग्णालयात शनिवारची रात्रपाळी करते. बिशपना नोकरी माहीत होती, पाळी माहीत नव्हती. तिने वेळ मागून घेतला, दोन दिवस घरात कुणाशी नीट बोलली नाही, आणि मंगळवारी कळवलं की रात्रभर जागून दहा पोरांना सांभाळणं तिला सुरक्षित वाटत नाही, पण महिन्यातून दोनदा मुलांच्या गाण्यांना पियानो वाजवेल. बिशपांचं उत्तर एका ओळीचं होतं : पाळीचं आधी सांगितलंत ते बरं झालं. पुढच्या रविवारी सभेत नर्सरीसाठी एका तरुण जोडप्याची नावं वाचली गेली. हिला आधी विचारलं होतं हे त्या दोघांना कुणी सांगितलेलं नव्हतं. सगळ्यांबरोबर हिनेही उजवा हात वर केला.